आतेनं उचललेली ओळ

आधी आतेचं सांगते, मग काय झालं ते. उलट सांगितलं तर वाचणारा मला भिईल, आणि आते येईपर्यंत वही बाजूला ठेवून देईल.

आते म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. लग्नानंतर दीड वर्षात नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, तेव्हा सोळा वर्षांची होती म्हणे. तेव्हापासून मागची पडवी तिची. गुरं, चूल, उखळ, एवढ्यात तिचा दिवस जायचा. सण आला की ती आपणहून खांबाच्या आड जाऊन बसायची, कोणावर ‘जरा बाजूला बस’ म्हणायची पाळी येऊ नये म्हणून. माझ्या दिरांना लहानपणी तिनंच न्हाऊमाखू घातलेलं. माझा मुलगा माझ्याजवळ वाढला, तो या आतेमुळे. आता तो सहावीत आहे. मी शाळा सोडली त्या इयत्तेच्या दोन इयत्ता पुढे. या वहीतले माझे ऱ्हस्वदीर्घ तोच सुधारतो, पण ही पानं मी अजून त्याच्या हातात दिलेली नाहीत.

मी घाटावरची. माझ्या वडिलांच्या बैलगाड्या गूळ आणि मिरची घेऊन फोंडाघाट उतरायच्या, मालवणच्या बाजारात यायच्या आणि मीठ, सुकी मासळी भरून वर जायच्या. त्या येण्याजाण्यात माझं लग्न ठरलं. चौथीनंतर शाळा सुटलेली होतीच, चौदाव्या वर्षी गाव सुटला. वाटेत दोन मुक्काम करून या वाडीत उतरले, तेव्हा कोणाचं बोलणं कळेना. सासूनं हातात कळशी दिली आणि म्हणाली, “बावीर जा.” मला वाटलं, बावी नावाची कोणी शेजारीण असेल. मी कळशी घेऊन चार घरं फिरले. प्रत्येक दारात विचारलं, “बावीबाई आहेत का?” बाव म्हणजे विहीर, हे मला पाचव्या घरात कळलं. या घरात मी शिकलेला पहिला शब्द तो.

दुसऱ्या दिवशी सगळी वाडी मला ‘बावीबाई’ म्हणून हाका मारायला लागली. रडू यायचं. पण भाद्रपदात गणपती आले, बायका खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, फुगड्या घालायला जमल्या, आणि मला कशी बुद्धी झाली कोण जाणे, मी माझीच फजिती गाण्यात घातली.

घाटावरची घाटीण इली गो,
दर्या बघून भियाली गो,
म्हणता, एवढ्या पाण्यात मीठ
कोणी टाकून गेला गो!

फुगडीचं गाणं असं असतं की एकीनं ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती तशीच्या तशी उचलायची. उचलली तर पाय फिरतात. नाही उचलली तर फुगडी थांबते. माझी ओळ तीस-चाळीस बायकांनी उचलली, आणि त्या हसता हसता खाली बसल्या. बावीबाईचं सोनं झालं. पुढल्या वर्षी दुसऱ्या वाड्यांतून बोलावणी आली. मी एस.टी.वर गाणं केलं, शिंप्यावर केलं, शेर जाऊन किलो आला त्यावर केलं. प्रत्येक गाण्यात ती घाटीण असायचीच. मापाच्या दुकानात भांडणारी, बोंबलाला दोरी समजणारी. ती मी होते, आणि नव्हतेही. लोक तिला हसायचे, मी तिच्या मागे सुखानं उभी असायची.

मग मुलगा झाला. आठव्या महिन्यात घाट चढणं बरं नाही असं सासूला वाटलं, म्हणून माहेरी न जाता इथंच बाळंत झाले. नवरा गलबतावर खलाशी, तो मिठाच्या फेरीवर होता. सोयर फिटल्यावर बाळंतिणीनं मूल घेऊन बावीवर जायचं आणि हळदकुंकू वाहायचं, अशी इथली रीत. मी गेले. कठड्याजवळ उभी राहिले, वाकले. पाणी खूप खाली होतं, काळं, आणि त्यात माझं डोकं आणि त्याची टोपी दिसत होती. तेव्हा मनात आलं, हात उघडले तर?

एवढंच. कोणी बोललं नाही, काही दिसलं नाही. माझ्याच मनात, माझ्याच आवाजात आलं.

मूल मला नकोसं नव्हतं. हे लिहिलंच पाहिजे. नकोसं असतं तर भ्याले कशाला असते? तो रडला की माझा जीव तुटायचा. पण त्या दिवसापासून माझ्या हातांवरचा माझा भरवसा उडाला. पाणी आणायला जाताना मी त्याला पाळण्यात ठेवून पाळण्याची झोळी दोन गाठींनी बांधायची, मग परत येऊन त्या गाठी बघायची, आणि मगच जायची. कोणी त्याला घेऊन बावीकडे आलं की मी मागे सरून स्वतःच्या हातांवर बसायची. जावेला म्हणायची, “याला जरा धरा, माझे हात ओले आहेत.” त्या वर्षी माझे हात सदा ओले असायचे.

कोणाला सांगणार? नवऱ्याला पत्र लिहायचं तर ते बंदरावर दुसराच कोणी वाचून दाखवणार. आईला लिहायचं तर गावचा मास्तर वाचणार. मी जात्यावर बसले की ओळी यायच्या, पूर्वीसारख्याच. पण त्यांत आता घाटीण नसायची. मी तिला आणायला बघायची, एस.टी.त बसवायची, बाजारात पाठवायची. ती यायचीच नाही. ओळ यायची ती ‘मी’ म्हणतच यायची.

हरितालिकेला मी एक सोप्पी ओळ टाकून बघितली. नवऱ्याच्या गलबताची, शीड दिसेनासं होतं त्याची. उचलली, पण नाइलाजानं. एक शेजारीण फुगडीतूनच ओरडली, “शिरा पडो गो तुझ्या रडगाण्यार! घाटीण खंय गेली? तिका हाड!”

तिला परत आण, असं तिचं म्हणणं. “ती माहेराक गेली,” मी म्हटलं. सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि ठरवलं की पुन्हा असं करायचं नाही.

गौरीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या खळ्यात पन्नास तरी बायका जमल्या असतील. खालच्या वाडीतल्याही आल्या होत्या, घाटणीचं गाणं ऐकायला. मुलगा नऊ महिन्यांचा झाला होता, ओटीवर जावेच्या मांडीवर होता. मी मिठाचं गाणं म्हटलं. एस.टी.चं म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणायला लावलं, तेही म्हटलं. मग “नवा काय तरी सांग गो, घाटणी!” असा गलका झाला. मी किलोचं गाणं म्हणणार होते. खरंच तेच म्हणणार होते. तोंड उघडलं आणि दुसरंच आलं.

“कडेर झील, हातात दोर गो…”

कडेवर मुलगा, हातात दोरी. यात काय वावगं? पन्नास जणींनी उचललं. पाय फिरत होते.

“बाव माका साद घाली गो…”

अर्ध्यांनी उचललं. बाकीच्या एकमेकींकडे बघायला लागल्या. फुगडीचा फेर वाकडा झाला. मी थांबायला हवं होतं. पण ओळीमागून ओळ आपोआप येते, ती तोंडात धरून ठेवता येत नाही.

“माझ्याच हातांका मी भियातंय गो…”

कोणीच उचललं नाही.

आता मला कळतं की त्यांचा काही दोष नव्हता. ओळ उचलायची म्हणजे ‘मी’ म्हणायचं. मिठाच्या गाण्यात घाटीण म्हणायला कोणाचं काय जातं? पण ही ओळ आपल्या तोंडानं, गौरीसमोर, लेकरं ओटीवर खेळत असताना कोणती आई म्हणेल? पाय थांबले. खालच्या वाडीतली एक तरणी मुलगी घाबरून फिदकन हसली आणि लगेच गप्प झाली. गणपतीवरच्या माटवीला बांधलेल्या एका कवंडळाच्या फळावर माशी बसली होती, तिचं घोंघावणं मला ऐकू येत होतं. मला वाटलं, आता जमीन फाटली तर बरं. मग वाटलं, बाव तेवढ्यासाठीच तर आहे. आणि त्या विचारानं मी आणखी घाबरले.

तेवढ्यात मागच्या पडवीतून, खांबाआडून, एक चिरका बेसूर आवाज आला.

“माझ्याच हातांका मी भियातंय गो.”

आते. ती जन्मात फुगडीत उतरली नव्हती. तिनं उतरायचंच नसतं. तिचा आवाज खळ्यात आला तसा सासूचा चेहरा पांढरा पडला. “तू कित्याक उचललंस गो?” ती ओरडली. उखळात मुसळ पडायला लागलं, नेहमीसारखं.

त्यानंतर जे झालं ते एका शब्दामुळे झालं. या वाडीत माणूस माणसाला हाक मारतो. ‘साद घालतं’ ते न दिसणारं, बाहेरचं. आमच्या घाटावर शेतातून बैलाला, गाडीवानाला, कोणालाही साद घालतात. मला त्या ओळीत बसला म्हणून मी तो शब्द घेतला होता. पण संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं की घाटणीला बाव साद घालते, म्हणजे बावीतल्या बाधेनं तिला धरलंय, आणि तिला मूल पाहिजे. थोरले दीर बाधा बघणाऱ्या घाड्याकडे जाऊन आले. त्यानं तांदूळ टाकून बघितले आणि सांगितलं की मूल आईपासून लांब ठेवा, आणि बाईला बावीच्या हद्दीबाहेर पाठवा.

मुलगा जावेकडे गेला. दूध पाजण्यापुरता त्याला माझ्याकडे आणायचे, तेव्हा जाऊ समोर पाट टाकून बसायची आणि नजर हलवायची नाही. ती वाईट बाई नव्हती. तिलाही भीती वाटत होती. पाजून झालं की ती हात पुढे करायची आणि मी द्यायची. तो माजघरातून रडला की अंगावरची चोळी भिजायची, आणि मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहायची. चौथ्या दिवशी दिरांनी वर जाणारी एक गाडी ठरवली. मी दाराआड होते. मोठे दीर माझ्याशी थेट बोलत नसत. ते सासूशी बोलत होते, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

“आये, तिका घाटार पोचवया. आवशीकडे रवात थोडे दीस. झील हय रवतलो.”

“थोडे दीस म्हणजे किती?” सासूनं विचारलं.

ते गाडीभाड्याचे पैसे मोजायला लागले. मी घाटावर आईकडे, मुलगा इथं, आणि परतीचं नाव नाही, हे मला त्यात कळलं. नवरा दिवाळीलाही येईल की नाही, ठाऊक नव्हतं. तो येईपर्यंत मुलगा जावेला आई म्हणायला लागला असता. मी चौकटीला घट्ट धरलं आणि प्रथमच माझ्या हातांना म्हटलं, सोडू नका.

आते शेणाचे हात तसेच घेऊन पुढच्या पडवीत आली. पुढच्या पडवीत ती क्वचितच यायची.

“रे, घाड्याक तू काय इचारलंस?”

“बाव साद घालता ता इचारलंय. पन्नास बायलांनी आयकला, आते.”

“पन्नास बायलांनी घाटणीची भाषा आयकली!” आते म्हणाली. “परवा ह्या चेडू माका सांगीत होता, ‘आते, म्हशीक साद घालून इलंय.’ मगे त्या म्हशीत पण भूत आसा काय? तिचा दूध तू सकाळी पिलंस मां?”

ते चेडू, ती पोर, म्हणजे मी. सासू पदराआड हसली. जाऊही हसली, आणि मग सगळ्यांना ती बावीबाईची गोष्ट आठवली, चार घरं कळशी घेऊन फिरलेली. दिरांच्या मिशीखालीही काहीतरी हललं. घाटीण पुन्हा एकदा दारात येऊन उभी राहिली होती, सगळ्यांना हसवायला. मला मात्र हसू आलं नाही. कारण शब्द चुकला होता हे खरं, पण भीती चुकली नव्हती. आणि दिरांना ते कळलं. ते हुशार माणूस.

“आणि हातांका भियातंय, ता?” ते म्हणाले. “ता पण घाटी भाषेतला?”

मी डोळे मिटले.

“ता मी पण म्हटलंय,” आते म्हणाली. “सगळ्यांनी आयकलानी. माका पण घाटार पोचव. गाडयेत जागा आसा मां?”

“आते, तू कित्याक म्हटलंस गो?”

“ह्याच हातांनी तुका न्हाणयलंय रे. तू एवढोसो. दरखेपेक आधी पाण्यात हात घालून बघलंय, एकदा, दोनदा, तीनदा. कित्याक? हातांका भियालंय म्हणान. जा, झील तिच्या आवशीकडे दी. भुकेलो आसा.”

दीर उठून खळ्यात गेले. जावेनं मुलगा आणून माझ्या हातात दिला. या खेपेला ती पाटावर बसली नाही. गाडी वर गेली ती मीठ घेऊनच गेली.

पण भीती अशी एका दिवसात जात नाही, हे आतेला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याआधी बावीवर जाऊन बसली. “झील माज्याकडे दी,” म्हणाली, “आणि पाणी काढ.” मी पाणी काढलं. ती त्याला मांडीवर घेऊन कठड्यापासून चार हातांवर बसली होती. मग तिनं विचारलं,

“आज कितको भय?”

मी कळशी कठड्यावर ठेवली. “पायलीभर,” म्हटलं.

“बरा. पायली तर पायली.”

ती रोज यायची. मी रोज माप सांगायची. पायली म्हणजे चार शेर; कधी पायली, कधी तीन शेर, पुन्हा पायली. दसऱ्याला शेरावर आली. एक दिवस मी ‘पावकिलो’ म्हटलं, तर आते म्हणाली, “ता किलोबिलो माका समजणा नाय, शेरात सांग.” मी हसले. बावीवर हसले मी, आणि ते हसणं पाण्यातून परत आलं. दिवाळीनंतर एका सकाळी तिनं मुलगा माझ्या हातात दिला, कठड्याजवळच, आणि स्वतः दोरी धरली. ती पाणी काढत होती आणि मी त्याला घेऊन उभी होते. विचार आला. तो आलाच. पण हात उघडले नाहीत, आणि तो गेला. “आज कितको?” तिनं मागे न बघता विचारलं. “दोन पायल्या,” मी म्हटलं. “तरी उभा आसंस मां,” ती म्हणाली.

गाणी मी सोडली नाहीत. मिठाचं गाणं अजून म्हणायला लावतात, मी म्हणते. पण ‘मी’वाल्या ओळी येतात त्या आता अडवत नाही. फुगडीत फार जणी उचलत नाहीत. काही जणी पहिली अर्धी उचलतात आणि उरलेली गिळतात. पुढल्या वर्षी कपडे धुवायच्या दगडावर, खालच्या वाडीतली ती फिदकन हसलेली मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. तिच्या कडेवर तिचं मूल होतं. कपडा आपटायचा थांबवून तिनं हळूच विचारलं, “वयनी, ती तिसरी ओळ काय होती गो?” तिला ती ठाऊक होती. तिला फक्त कोणाबरोबर तरी म्हणायची होती. आम्ही दोघींनी म्हटली, एकदाच, आणि मग कपडे पिळले.

आता आतेला कमी दिसतं. उखळ सुटलं, गुरंही गेली. परवा मी तिला बावीच्या कठड्यापर्यंत हात धरून नेलं, तिला पाण्याचा वास घ्यायचा होता. तिनं कठडा हातानं चाचपला. मग म्हणाली,

“माझी पण एक ओळ आसा गो. ह्याच बावीची. सोळा वर्साची होतंय तेव्हाची.”

“सांगा ना, आते.”

“सांगतलंय मगे.”

तिनं सांगितली नाही. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही, कारण मला भीती वाटली. ती ओळ काय असेल याची मला अजून भीती वाटते. रात्रंदिवस ती भीती पायलीभर तरी असते. पण एवढं नक्की की ती ओळ ज्या दिवशी आते म्हणेल, खळ्यात म्हणो की मागच्या पडवीत, चार माणसांत म्हणो की फक्त माझ्यासमोर, त्या दिवशी सगळ्यांआधी मी ती उचलीन. जशीच्या तशी, तिच्याच शब्दांत, ‘मी’ म्हणून. कितीही काळी असली तरी. ती फुगडी मी थांबू देणार नाही, आते.